फोटोबाहेरचे हंडे

सुनंदाबाईंनी तारामती बिरादारांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते मलकपेठेतल्या एका किराणा दुकानाच्या पायरीवर. साल पंच्याण्णव, जून महिना. सुरेशरावांना इथल्या एका नव्या संगणक कंपनीत नोकरी लागली म्हणून पुण्याहून बिऱ्हाड हलवून आठवडा झाला होता, आणि सुनंदाबाईंना नामपल्लीजवळच्या मराठी शाळेत सातवीचा वर्ग मिळाला होता. पायरीवर चाळिशी ओलांडलेली, ठसठशीत कुंकवाची एक बाई बसली होती. तिनं तुरीच्या डाळीची पुडी उकलून डाळ पिशवीत ओतली होती आणि पुडीचा कागद गुडघ्यावर ठेवून तळहातानं सपाट करत होती. मग ती तो वाचायला लागली. कागद तेलुगू वर्तमानपत्राचा होता. बोट ठेवून, ओठ हलवत तिनं तो संपवला, आणि शेवट फाटलेला निघाला तेव्हा दुकानदाराकडे मान वळवली.

"याचा पुढचा तुकडा कुणाला दिलात?"

"अम्मा, चार दिवसांमागचा पेपर आहे तो," दुकानदार म्हणाला.

"असू दे की. बातमी काय नासती व्हय?"

मग तिचं लक्ष सुनंदाबाईंकडे गेलं. "तुम्ही पुण्याच्या बाई ना? आमच्या समोरच राहायला आलाव. पुण्यात पाऊस चांगला झालाय म्हणं. छापून आलंय."

तारामतीबाईंचं बोलणं बहुतेक वेळा या दोन शब्दांपाशी येऊन थांबायचं. छापून आलंय. त्यांचं माहेर भालकीजवळचं, सासर उदगीरकडचं. माहेरी वडील गावातल्या दहा-वीस माणसांना पेपर वाचून दाखवायचे, आणि वाचून झाला की घडी घालून धान्याच्या कणगीवर ठेवायचे. त्यावर पाय पडलेला त्यांना चालायचा नाही. लग्न होऊन तारामतीबाई हैदराबादला आल्या तेव्हा त्यांना फक्त मराठी वाचता येत होतं. तेलुगू त्या पुड्यांच्या कागदांवरून शिकल्या, कुणी शिकवलं नाही. उर्दू बोलता सगळ्यांनाच येई, पण ती वाचण्यासाठी त्या शेजारच्या रझिया आपांकडे जाऊन बसत. इंग्रजीसाठी आता सुनंदाबाई आल्या. म्हणजे चार भाषांतल्या बातम्यांची सोय झाली, आणि गल्लीतल्या बायकांना सांजच्याला हातपंपापाशी चारही पेपरांतलं ऐकायला मिळू लागलं. एखादीनं शंका काढली की तारामतीबाई दुखावल्यासारख्या व्हायच्या. "उगंच छापतेत काय? शिकलेली माणसं असतेत तिथं."

त्यांचे यजमान हिम्मतराव सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होते. घरातून निघताना ते दाराला कडी घातलीय ना हे दोनदा पाहत आणि कोपऱ्यावरून परत येऊन तिसऱ्यांदा पाहत.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात गल्लीच्या तोंडाशी एक सहा मजली इमारत उभी राहू लागली. रत्नमयूर टॉवर. खाली दुकानं, वर घरं, आणि दर्शनी भागाला निळी काच. अशा निळ्या काचा तेव्हा शहरभर उगवत होत्या आणि सुरेशरावांसारख्यांना त्यांचं कौतुक वाटत होतं. पण या इमारतीच्या आवारात बिल्डरनं चार बोअर मारले, एकेक सहाशे फुटांच्या वर. बांधकामाला लागेल तेवढं पाणी वापरून उरलेलं तो टँकरनं बाहेर विकू लागला. दिवाळीपर्यंत गल्लीतला हातपंप कोरडा पडला. मग घराघरांतल्या विहिरी आटल्या. शेवटी रझिया आपांच्या अंगणातला बोअर, ज्याच्यावर अर्धी गल्ली जगत होती, तोही खडखडू लागला. नळाची लाईन या गल्लीला मंजूर होऊन तीन वर्षं झाली होती आणि ती कागदावरच होती. चार दिवसांआड सरकारी टँकर यायचा. त्याच गल्लीतून बिल्डरचे टँकर दिवसाला आठ-दहा वेळा भरून बाहेर पडायचे, आणि त्यांच्या नळातून गळणारं पाणी रस्त्यावर ओघळताना बायका बघत उभ्या राहायच्या. सुनंदाबाईंनी एकदा रझिया आपांना त्या ओघळाखाली तांब्या धरून टँकरबरोबर चालताना पाहिलं. त्यांना हसू आलं, आणि मग दिवसभर शाळेत कशात लक्ष लागेना.

अर्ज झाले. वॉर्ड ऑफिसात तीन अर्ज दिले, तीनही हरवले. आता धरणं धरायचं ठरलं, पण धरायचं कुणी? गल्लीतली निम्मी घरं सरकारी नोकरांची. पुरुष बसले तर नोटीस येणार. धरण्याला पोलिसांची परवानगी लागणार, आणि त्या अर्जावर नावं घालायची म्हटल्यावर हिम्मतरावांना घाम फुटला.

"तुझं नाव म्हणजे माझंच नाव," ते बायकोला म्हणाले. "पेन्शनला नऊ वर्षं राहिलीत."

तारामतीबाईंनी दोन दिवस विचार केला आणि संक्रांतीच्या आधल्या संध्याकाळी त्या सुनंदाबाईंच्या दारात उभ्या राहिल्या. चेहरा फुलला होता.

"बाई, हळदीकुंकू करू."

"करू या की. कुणाकडे?"

"वॉर्ड ऑफिसच्या गेटात. बायकांनी हळदीकुंकू करायला कुणाची परवानगी लागती? रिकामे हंडे घेऊन जायचं. वाण म्हणून सायबाच्या टेबलावर रिकामा तांब्या ठेवायचा. पेपरवाल्यांना बोलवायचं. पोलीस आला तर त्यालाबी तिळगूळ द्यायचा."

सुनंदाबाईंना युक्ती इतकी आवडली की त्यांनी टाळीच दिली. तारामतीबाईंनी सगळ्यांना बोलावलं. विधवा म्हणून कुणाला गाळलं नाही, धर्म म्हणून कुणाला वगळलं नाही. पाणी सगळ्यांनाच लागतं, एवढंच त्यांनी कारण सांगितलं. रझिया आपा आल्या, समोरच्या अनसूयम्मा सुनेला घेऊन आल्या. संक्रांतीनंतरच्या शनिवारी सकाळी दहा वाजता वॉर्ड ऑफिसच्या गेटासमोर त्रेचाळीस बायका हंडे घेऊन बसल्या. त्रेचाळीस हा आकडा पक्का होता, कारण सुनंदाबाईंनी वर्गात हजेरी घ्यावी तशी मोजणी केली होती, दोनदा.

साहेब जागेवर नव्हते. शिपायानं तांब्या घेतला आणि तिळगूळही खाल्ला. "नीळ्ळु लेवु, पाणी नाही" अशा घोषणा झाल्या. साडेअकराच्या सुमारास पेपरवाले आले आणि बायकांनी पदर सारखे केले. इंग्रजी पेपरचा वार्ताहर कुलदीप नावाचा हिमायतनगरचा मराठी मुलगा निघाला. सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. तो अडखळत, पण मनापासून मराठी बोलत होता. त्यानं तारामतीबाईंना सगळं विचारलं, बोअर किती, टँकर किती, आणि सगळं लिहून घेतलं. त्याच्याबरोबर एक फोटोवाला होता. फोटोवाल्यानं बायकांना ओळीत बसवलं, कॅमेरा डोळ्याला लावला, काढला, आणि तोंड वाकडं केलं.

"अम्मा, ये प्लास्टिक के हंडे जरा बाजू करो ना. फ्रेम खराब हो रही. साड्या दिखते नहीं."

तारामतीबाई उठल्या. घरी पाहुणा आला आणि म्हणाला की खाट जरा सरकवा, तर आपण सरकवतो. तशाच त्या उठल्या आणि निळे, लाल, हिरवे हंडे उचलून भिंतीच्या कडेला नेऊन ठेवू लागल्या. सुनंदाबाईंनी मदत केली. रझिया आपाही काळा बुरखा सावरत हंड्यांपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"अब हँसो जरा. त्योहार है."

आणि त्या हसल्या. सगळ्याच हसल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांची दखल घेत होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. तारामतीबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा तीन भाषांचे चार पेपर अख्खे विकत घेतले आणि ते सुनंदाबाईंच्या ओट्यावर पसरले. गल्लीतल्या पंधरावीस बायका भोवती उभ्या होत्या. इंग्रजी पेपरच्या आत रंगीत पुरवणी होती, आणि तिच्या पहिल्याच पानावर हा एवढा मोठा फोटो. सगळ्या हसताहेत, हातात तिळगुळाच्या वाट्या. सुनंदाबाईंनी खालची ओळ वाचली आणि मराठीत सांगायला त्यांची जीभच उचलेना.

"काय लिहिलंय, बाई?"

"लिहिलंय... मलकपेठेत मराठी भगिनींनी संक्रांतीचं हळदीकुंकू रंगतदार वातावरणात साजरं केलं."

"आणि पाण्याचं?"

"पाण्याचं नाही."

"आतल्या पानात असंल की. बघा की नीट."

सुनंदाबाईंनी नीट पाहिलं. आतल्या पानावर रत्नमयूर टॉवरची अर्ध्या पानाची जाहिरात होती. चोवीस तास पाणी, असं तिच्यात ठळक अक्षरांत होतं.

मोठ्या तेलुगू पेपरनं बातमी सणांच्या पानावर घातली होती, पतंगांच्या शेजारी. दुसरा तेलुगू पेपर विरोधकांच्या बाजूचा. त्याच्या म्हणण्याप्रमाणे एक हजार संतप्त महिलांनी ऑफिसवर दगडफेक केली आणि गेट मोडलं. गेट शाबूत होतं. ओट्यावरून मान वळवली तर दिसत होतं. उर्दू पेपर रझिया आपांनी वाचला, आणि वाचता वाचता त्या थांबल्या.

"क्या लिखे?" अनसूयम्मांनी विचारलं.

"लिखे कि किराये की औरतां लाए थे. हर एक कू बिर्यानी का पाकिट दिए."

मग अनसूयम्मांची सून हळूच म्हणाली, "माझ्या माहेरी हाच पेपर येतो. वडील निजामाच्या काळात उर्दूच शिकलेले."

एका सकाळी, एका गेटासमोर त्रेचाळीस बायका बसल्या होत्या, आणि चार पेपरांनी चार वेगळी गेटं पाहिली होती. सुनंदाबाईंना संताप आला तो याचा की चौघांनी धड खोटंसुद्धा सारखं बोलू नये. तारामतीबाई मात्र संतापल्या नाहीत. त्या चारही पेपर पुन्हा पुन्हा उलटत राहिल्या. पान चुकून चिकटलंय आणि खरी बातमी त्याच्या आत आहे, असं त्यांना वाटत असावं.

पुढचे तीन-चार दिवस वाईट गेले. अनसूयम्मांच्या सुनेच्या भावाचं कार्ड आलं: तुम्हाला इतकी गरज पडली का, की भाड्यानं जाऊन बसावं? रझिया आपांना वेगळाच राग होता. "क्या तारा, हमारेकू फोटू में से कायकू काटे? हम हंडों के पास इच तो खडे थे." खालच्या घरातल्या उषाबाईंनी कोरड्या हातपंपापाशी सरळ बोलून दाखवलं, "फोटोच्या मधोमध कोण बसलंय बघा. बिल्डरनं साडी पण दिली असेल." ती साडी तारामतीबाईंच्या लेकीच्या, सुजाताच्या, बारशाची होती आणि सुजाता तेव्हा कॉलेजात होती, पण हे कुणाला सांगायचं? सांजच्याला तिथं बातम्या ऐकायला कुणी थांबेना.

आणि मग हिम्मतरावांनी वॉर्ड ऑफिसातल्या ओळखीच्या लिपिकाकडून खबर आणली. घरात येऊन त्यांनी आधी दाराची कडी दोनदा पाहिली.

"धरण्यानंतर आपला हरवलेला एक अर्ज सापडला. त्या बोअरच्या तक्रारीची सुनावणी लागलीय. तीस तारखेला. आणि बिल्डरनं फाइलला काय लावलंय ठाऊक आहे? तुझा फोटो. लिहिलंय, परिसरात असंतोष नाही, महिला आनंदात सण साजरे करीत आहेत, सोबत वृत्तपत्राचं कात्रण."

आता प्रश्न सरळ होता. कात्रण फाइलमध्ये असंच राहिलं तर बोअर कायम होणार आणि नळाची लाईन पुन्हा कपाटात जाणार. ते खोडायचं तर त्याच पेपरात दुरुस्ती यायला हवी. नाहीतर बायका पुन्हा जायला हव्यात, आणि त्या तर तोंडाकडे बघत नव्हत्या.

तारामतीबाई आणि सुनंदाबाई हिमायतनगरला पेपरच्या ऑफिसात गेल्या. कुलदीप उभाच राहिला. त्यानं ड्रॉवर उघडून टाइप केलेले दोन कागद काढले.

"काकू, हे बघा. मी बावीस ओळी लिहिल्या होत्या. बोअर, टँकर, त्रेचाळीस बायका, सगळं. ॲक्च्युअली सिटी पेजला सगळ्यात वर देणार होते. मग सिटी पेजवर ॲड आली, जागा गेली. फोटो छान होता म्हणून पुरवणीवाल्यांनी उचलला. कॅप्शन त्यांनीच लिहिलं. त्यांना ठाऊकच नव्हतं."

"जाहिरात कुणाची आली?"

कुलदीपनं पंख्याकडे पाहिलं. "तुम्हाला ठाऊक आहे, काकू."

"मग आता छाप की बावीस ओळी."

"आता जुनं झालं."

"जुनं कसं झालं? पाणी आजबी नाही."

कुलदीप त्यांना आत डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून लावणाऱ्यांच्या टेबलाकडे, घेऊन गेला. तिथं चष्मा कपाळावर चढवलेले एक वयस्कर गृहस्थ बसले होते. स्वभावानं वाईट नव्हते. त्यांनी पुरवणी मागवली, टेबलावर ठेवली आणि पेन्सिलीचं टोक फोटोवर फिरवलं.

"अम्मा, आप बोल रहे पानी का धरना था. इसमें पानी का एक बर्तन दिखाओ मेरेकू."

तारामतीबाईंनी फोटोकडे पाहिलं.

"और आप सब हँस रहे," ते गृहस्थ म्हणाले. "मैं क्या लिखता?"

परतीच्या बसनं चादरघाटचा पूल ओलांडला. तेव्हा तारामतीबाई म्हणाल्या, "बाई, हंडे मीच हलवले."

"मीही हलवले."

"तुम्ही माझं बघून हलवले."

जाता जाता डेस्कवरच्या गृहस्थांनी सांगितलं होतं की संपादकांना पत्र लिहा, पत्र छापू. ते काम सुनंदाबाईंनी घेतलं. पत्रलेखन तर त्या वर्षानुवर्षं शिकवत आल्या होत्या. आधी अभिवादन, मग आभार, मग नम्रपणे मुद्दा. त्यांनी स्वच्छ इंग्रजीत पत्र लिहिलं. पहिल्या परिच्छेदात, आमच्या गल्लीतल्या महिलांचा सुंदर फोटो आपण छापलात याबद्दल आभारी आहोत, असं होतं. दुसऱ्या परिच्छेदापासून पाणी, बोअर, धरणं, चुकीची ओळ, सगळं मुद्देसूद. कुलदीपला फोनवर वाचून दाखवलं असतं तर त्यानं सांगितलं असतं की पेपरात मजकूर खालून कापतात. पण चांगल्या पत्रात चूक काय असणार, असं त्यांना वाटलं.

चौथ्या दिवशी पत्र आलं. सुंदर फोटो छापल्याबद्दल आभारी आहोत. खाली सुनंदाबाईंचं नाव, मलकपेठ. बस्स.

तारामतीबाईंनी ते अर्थासकट समजून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "बाई, तुम्ही बी!"

सुनंदाबाईंना त्या दिवशी शाळेत जावंसं वाटेना. गल्लीत तर आता खात्रीच झाली. पुण्याच्या बाई पण सामील आहेत. स्वतःच्या नावानं आभार मानलेत. छापून आलंय, असं उषाबाईंनी तारामतीबाईंच्याच ठेक्यात म्हणून दाखवलं.

संध्याकाळी हिम्मतरावांनी ते पत्र मागून घेतलं, वाचलं, आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात जरा जोर आला.

"बाई, रागावू नका. पण असा अर्ज आमच्याकडे आला तर आम्ही पहिली ओळ वाचून आभारपत्रांच्या गठ्ठ्यात टाकतो. वरच्या साहेबाला दोन ओळींच्या खाली जायला वेळ नसतो. पहिल्या ओळीत मागणी, दुसरीत आकडा. उरलेली सभ्यता सहीच्या वर."

त्या माणसाला घाम यायचा तो नाव घालायला; बिननावाचा मसुदा घालायला तो भीत नव्हता. सुनावणीसाठी त्यांनी चार ओळींचा मजकूर करून दिला आणि आपलं अक्षर ओळखू येऊ नये म्हणून सुजाताकडून तो उतरवून घेतला.

मजकूर झाला, पण त्याखाली सह्या करायला बायका कुठे होत्या? तीस तारखेला दोन दिवस उरले होते. सकाळी सरकारी टँकर आला. रांग लागली. तारामतीबाईंनी आपला हंडा खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या.

"ऐका. पेपरवाल्यांनी केलं ते केलंच. पण फोटोत हंडे नाहीत ते माझ्यामुळं. फोटोवाला म्हणाला बाजूला करा, मी केले. तो म्हणाला हसा, मी हसले. मला हसताना बघून तुम्ही हसलाव. बिल्डरनं मला साडी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, निदान कारण तरी राहिलं असतं. मी फुकटात केलं."

"हसा म्हणाला म्हणून हसायचं?" अनसूयम्मा म्हणाल्या. "उद्या नाच म्हणेल."

"तर बाईंना विचारून नाचेन."

एक-दोघी हसल्या. रझिया आपा कमरेवर हात ठेवून पुढे आल्या. "हंडे तू हटाई, वो तो मैं देखी. मेरेकू भी तू इच काटी क्या?"

"हंडे मीच हटवले, आपा. तुमाला मात्र त्यांनीच कापलं. तेवढं माझ्या बोडक्यावर घालू नका."

रझिया आपा खदखदून हसल्या. त्यांनी तारामतीबाईंचा हंडा उचलून रांगेत आपल्या पुढे ठेवला. "चलती मैं. पर हळदीकुंकू नक्को. सीधा झगडा करना."

उषाबाई पाणी भरून निघून गेल्या.

तीस तारखेला एकतीस बायका निघाल्या. त्रेचाळीसमधल्या बारा आल्या नाहीत. अनसूयम्मांच्या सुनेला माहेरच्यांनी बजावलं होतं, काहींना नवऱ्यांनी, आणि काहींचा तारामतीबाईंवर विश्वास बसला नव्हता तो बसला नव्हता. उषाबाई मात्र आल्या होत्या, सगळ्यांच्या मागून, वेगळ्या चालत. कपाळाला कुंकू होतं ते रोजचं. हंडे प्रत्येकीच्या कडेवर होते, आणि ते कुणी खाली ठेवायचे नाहीत असं ठरलं होतं.

साहेबांनी फाइल उघडली. सातव्या पानावर कात्रण होतं. त्यांनी ते तारामतीबाईंकडे फिरवलं.

"या तुम्हीच ना?"

"मीच."

"इथं तर तुम्ही खुशीत दिसता."

"हंडे मीच बाजूला केले, सायब. हसले पण मीच. ते खरं आहे. त्याच्या खाली लिहिलेलं खोटं आहे. पेपरवाल्यांकडे जाऊन आलो, ते दुरुस्त करत नाहीत. आता इथं आलो."

"पेपरात आलेलं मी कसं खोडणार? तुमच्याकडे लेखी काही आहे का?"

साहेबांना वाटलं असावं की प्रश्न संपला. पण तारामतीबाईंनी चार ओळींचा कागद पुढे केला, आणि मागून सुनंदाबाईंनी शाळेतून आणलेल्या तीस कोऱ्या कागदांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. मागणी, आकडा, नाव, घर नंबर, सही. प्रत्येकीनं आपापल्या हातानं, आपापल्या लिपीत. तेलुगू, उर्दू, मराठी. दोघींनी अंगठे उठवले. टेबल एकच होतं, म्हणून बाकीच्या भिंतीला कागद टेकवून, जिन्याच्या पायरीवर बसून, एकमेकींच्या पाठीवर ठेवून लिहीत होत्या. जेवणाची सुट्टी झाली आणि संपली. प्रत्येक कागद वेगळा अर्ज होता, त्यामुळे आवक लिपिकाला प्रत्येकावर शिक्का मारून नंबर घालावा लागला, आणि प्रत्येक बाई आपला नंबर हातावर लिहून घेतल्याशिवाय हलेना. ही अटही हिम्मतरावांनीच घरी शिकवून ठेवली होती. एकतिसावा कागद लागला तेव्हा फाइलची दोरी पुरेना. लिपिकानं वैतागून दुसरी आणली. साहेबांनी घड्याळ पाहिलं, घाम पुसला, आणि जागेची पाहणी करायची तारीख लिहून दिली.

त्या दिवशी एकही पेपर आला नव्हता. कुलदीप एकटा आला, तो सुट्टी घेऊन, पाठीमागे उभा राहिला. त्यानं तीन ओळी लिहून दिल्या, त्या छापल्या गेल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्यानं पेपर सोडला आणि सुरेशरावांच्याच कंपनीत लागला.

पाहणी व्हायला दोन महिने लागले. चारपैकी दोन बोअर बंद केले. दोन राहिले, त्यांचं काही झालं नाही. नळाची लाईन जूनमध्ये आली, एक दिवसाआड तासभर. ज्या इंग्रजी पेपरनं हळदीकुंकू छापलं होतं त्यानं एका सकाळी बातमी दिली की रत्नमयूर टॉवरच्या बिल्डरच्या पुढाकारानं मलकपेठेच्या गल्लीला पाणी मिळालं. फोटोत नळ होता आणि नळाशी बिल्डर. सुनंदाबाईंनी तो पेपर चुरगाळून फेकून दिला. तारामतीबाईंनी तो उचलला, सपाट केला, शेवटपर्यंत वाचून घेतला.

"जाहिरात कुठल्या पानावर आहे?" एवढंच त्यांनी विचारलं.

पेपर त्यांनी सोडला नाही. सुनंदाबाईंना वाटलं होतं सोडतील. पण नळापाशी पुन्हा बायका थांबू लागल्या तेव्हा त्या वाचायच्या आणि मधेच थांबून विचारायच्या, हा लिहिणारा तिथं स्वतः गेला होता की कुणी सांगितलं? मग सगळ्या मिळून त्यावर वाद घालायच्या. कधी कधी बातमी एका ओळीची आणि वाद अर्ध्या तासाचा. कुठे मोर्चाची बातमी आली आणि हजार माणसं जमली असं लिहिलेलं असलं, की रझिया आपा विचारायच्या, "किसने गिने? बाई थे क्या वहाँ?"

हिम्मतराव पेन्शन घेऊन बारा वर्षं जगले. सुजाता लग्न होऊन लातूरला गेली. सुनंदाबाई निवृत्त होऊन पुण्याला परतल्या. फोनवर दोघींचं बोलणं होतं.

तारामतीबाई आता एकाहत्तर वर्षांच्या आहेत, मलकपेठेच्या त्याच गल्लीत धाकटा मुलगा आणि सून यांच्याजवळ राहतात, आणि दर गुरुवारी कुणाचा ना कुणाचा अर्ज घेऊन वॉर्ड ऑफिसात जातात.